मी कोण आणि सुख कोणाचें?

सुख कशांत आहे असें विचारलें म्हणजे आपण बहुधा शेत, घर, संतति, मानमरातब अशी यादी देतों. पण हें सुख ज्याला व्हावयाचें तो ‘मी’ कोण, हा प्रश्न त्याच्याही आधींचा आहे.

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा येथील जैन हस्तलिखितांचीं भांडारें अभ्यासकांना सुपरिचित आहेत. याच गांवाच्या नांवानें निघालेल्या कारंजा जैन ग्रंथमालेंत प्रा. हीरालाल जैन यांनीं 1933 सालीं मुनि रामसिंह यांचा ‘पाहुडदोहा’ प्रसिद्ध केला. अपभ्रंश भाषेंतील सुमारें 220 दोह्यांचा हा ग्रंथ अदमासें एक हजार वर्षांपूर्वींचा आहे. त्यांतील विचार थोडक्यांत असा : वर्ण, तारुण्य, वार्धक्य हे देहाचे धर्म होत, त्यांना जाणणारा आत्मा निराळा. देहाचीं वर्णनें आपण स्वतःला लावून घेतों, म्हणून बाहेरचें कांहीं मिळालें कीं वाढतों, गेलें कीं घटतों. विषयांचें सुख अल्पकाळचें. जें पराधीन नाहीं तेंच टिकतें.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्याला हें सांगणें निष्ठुरपणाचें नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. वाशीमची बहुतेक शेती पावसावर अवलंबून. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें 2006 सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत वाशीम होता.

परंतु येथेंच हा विवेक उपयोगी पडतो. ‘पीक बुडालें’ आणि ‘मी बुडालों’ हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिल्यांतील दुःख खरें आहे. त्यावर उपाय म्हणजे पाणी, कर्जाची सोय आणि रास्त भाव. आत्मज्ञानाचा उपदेश करून समाजाची ती जबाबदारी टळत नाहीं. दुसरें वाक्य मात्र खोटें आहे. शेत माझें असेल, पण मी शेत नव्हे. ज्याला हानि कळते तो हानीबरोबर नाहींसा होत नाहीं. पुढील पेरणीचा विचार तोच करूं शकतो.

सुखालाही हाच न्याय लागू आहे. भरघोस पिकानें जो फुगतो तोच नापिकीनें खचतो, कारण दोन्ही वेळां त्यानें आपली किंमत खळ्यावर मोजलेली असते.

यास्तव शेजाऱ्याचें पीक बुडालें असतां त्याला आधीं धान्य द्यावें, आणि त्याचा मान पूर्वीइतकाच राखावा. ‘तुझी किंमत तुझ्या पिकाएवढी नाहीं’ हें त्याला आपल्या वागणुकींतून दिसलें पाहिजे.