पहिल्या फेरीत हवं ते कॉलेज नाही मिळालं, मग?

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या मुलानं पहिल्या पसंतीला पुण्याचं सीओईपी भरलं आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत शिरपूरचं आर. सी. पटेल लागलं, की घरात सुतकी चेहरे. खरं तर ही जागा हातातली आहे. आधी ती राखायची.

2025 साली राज्याच्या सीईटी सेलनं चार फेऱ्या ठेवल्या. पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला तर तो स्वीकारणं बंधनकारक होतं. त्याखालचा मिळाला तर जागा स्वीकृती शुल्क भरून ‘बेटरमेंट’ निवडता येतं: जागा राहते, पुढच्या फेरीतही उतरता येतं.

मेख इथेच आहे. पुढच्या फेरीत नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून नव्या पर्याय अर्जात हातातल्या जागेपेक्षा खरोखर हवीशी कॉलेजंच लिहावीत. ‘भरून तर पाहू’ म्हणत दूरचं कॉलेज टाकणारे फसतात. शिरपूर नरडाण्याहून महामार्गानं जवळ. घरून ये-जा केली तर वसतिगृहाचा खर्च वाचतो, हेही हिशेबात धरा.

निराशेपोटी व्यवस्थापन कोट्याकडे धावू नका. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधूनच लागतो. नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.