निवळलेलं पाणी, हिरवं तळं

सांडपाणी शुद्धीकरणाच्या एखाद्या छोट्या प्लांटवर सकाळी गेलात, तर एक चाचणी बहुधा पाहायला मिळेल. ऑपरेटर हवा सोडलेल्या टाकीतलं चॉकलेटी पाणी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात भरतो आणि अर्धा तास त्याला हात लावत नाही. गाळाचे पुंजके हळूहळू खाली बसतात, वरचं पाणी निवळतं. पाहणारा म्हणतो, झालं की शुद्ध! सोडा आता तळ्यात.

या समजुतीने तळ्यांचं फार नुकसान केलं आहे. त्या टाकीत जिवाणूंनी मैल्यातला कुजणारा भाग खाल्लेला असतो, आणि ते काम लहान नाही. ते झालं नाही तर तोच भाग तळ्यात कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पण पाण्यात विरघळलेला फॉस्फरस डोळ्यांना दिसत नाही, आणि साध्या प्लांटमधून त्यातला बराचसा तसाच पुढे जातो. अशा निवळ पाण्यातही लिटरमागे काही मिलिग्रॅम फॉस्फरस सहज सापडतो. तळं हिरवं व्हायला मिलिग्रॅमचे तीन-चार शतांश पुरतात.

अमेरिकेत सिॲटलला लागून असलेल्या वॉशिंग्टन सरोवराच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. 1941 ते 1953 या काळात काठच्या वस्त्यांसाठी दहा शुद्धीकरण केंद्रं सुरू झाली. सरोवरात जात होतं ते प्रक्रिया केलेलं पाणी, तरीही 1955 मध्ये तिथे ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नीलहरित शेवाळ सापडलं. वॉशिंग्टन विद्यापीठाचे डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना त्याचा अर्थ लगेच कळला, कारण युरोपात झुरिकचं सरोवर बिघडलं तेव्हाही हेच शेवाळ उगवलं होतं. 1958 मध्ये लोकांनी मतदान करून पाणी वळवण्याच्या योजनेला मान्यता दिली आणि 1963 ते 1968 दरम्यान ते सगळं पाणी सरोवरापासून वळवण्यात आलं. पाण्याचा नितळपणा मोजायला त्यात पांढरी तबकडी सोडतात. वाईट दिवसांत ती उन्हाळ्यात मीटरभर खोलीवरच दिसेनाशी व्हायची. पाणी वळवल्यावर काही वर्षांतच ती तीन मीटरपर्यंत दिसू लागली.

‘आमचं एवढंसं गाव, त्यानं तळ्याला काय होतंय?’ असंही नेहमी ऐकू येतं. हिशेब करून पाहू. एका माणसाच्या मलमूत्रातून रोज ढोबळमानाने एक ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. वीस हजारांच्या गावाचा झाला रोज 20 किलो, वर्षाला सात टनांहून जास्त. एका ग्रॅमवर सुमारे शंभर ग्रॅम सुकं शेवाळ पोसलं जाऊ शकतं, म्हणजे रोज दोन टनांची सोय. शिवाय लहान गावाचं तळंही बहुतेक लहानच असतं. मोठ्या जलाशयात जे विरून जाईल, ते इथे पुरं महाग पडतं.

घरोघरी सेप्टिक टँक आहेत म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. टाकीत जड मैला तळाशी बसतो, वरचं पाणी गटारात जातं. दोन-तीन वर्षांनी उपसा झाला नाही तर मैलाही त्याच वाटेने जातो.

उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरात ओळखीचा आहे: तुरटी. तुरटीतलं ॲल्युमिनियम फॉस्फरसला धरून गाळात बसवतं. लोहाचे क्षारही तेच करतात. पण तो गाळ तळ्याकाठीच टाकला तर पहिल्या जोरदार पावसात सगळी मेहनत पाण्यात. मला विचाराल तर, जिथे जमेल तिथे प्रक्रिया केलेलं पाणी तपासून पिकाला द्यावं. तळ्याला जे विष, ते उसाला खत.

प्लांट सुरू झाला की तळं पुढच्या वर्षी निवळेल, ही आशाही जपून धरावी. वॉशिंग्टन सरोवर खोल आहे, म्हणून ते लवकर सावरलं. स्वीडनमधल्या व्हेक्शो गावाच्या उथळ ट्रुमेन तळ्यात 1950च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी थांबलं, तरी पाणी सुधारेना. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पुन्हा वर येत होता. 1970-71 मध्ये तो गाळ ओढून काढला, तेव्हा कुठे तळं सावरलं.

आणि आपलं लोणार सरोवर? ते एका विवरात आहे आणि विवराच्या कडेलाच गाव आहे. त्याचं सांडपाणी खाली उतरण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. 2020 मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे पाणी खारं आणि तीव्र अल्कधर्मी आहे, आणि त्यातले सूक्ष्मजीव नेमके त्या खारेपणावरच जगतात. तिथे मैला तर नकोच, पण फॉस्फरस काढून नितळ केलेलं गोडं पाणीही नको, कारण ते सरोवराचा खारेपणा पातळ करत जाईल. ते पाणी विवराच्या बाहेर, रानातच गेलं पाहिजे.