मुक्ता साळवे यांच्या निबंधातील गाळला जाणारा परिच्छेद

अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा लागोपाठच्या दोन अंकांत एका विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. शीर्षक होते 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. लेखिका होती मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी चालविलेल्या शाळेत ती शिकत होती. मातंग समाजात, लहुजी वस्ताद साळवे यांच्या घराण्यात तिचा जन्म झाला. निबंध लिहिला तेव्हा तिचे वय चौदाच्या आसपास होते आणि शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८८२ साली आला. आज मुक्ताचा उल्लेख आद्य दलित लेखिका म्हणून आदरार्थी बहुवचनात होतो, आणि ते रास्तच आहे. तथापि या लेखात मी तिला विद्यार्थिनी म्हणूनच पाहणार आहे. म्हणून एकवचन वापरतो. शाळेच्या स्मरणिकेत ते शोभून दिसेल.

जयंतीच्या कार्यक्रमांतून या निबंधाविषयी पुष्कळ बोलले जाते. निबंध मात्र फार थोडे लोक मुळातून वाचतात. भाषणांतून तो 'अन्यायाविरुद्धचा टाहो' या एका शब्दप्रयोगात गुंडाळला जातो. वस्तुतः तो टाहो नाही, युक्तिवाद आहे.

पहिल्या भागातला तिचा तर्क पाहण्यासारखा आहे. वेद ही आपली खाजगी मालमत्ता आहे असे ब्राह्मण म्हणतात. मग वेद आमचे नाहीत हे उघडच झाले. जे आमचे नाहीत त्यांच्याप्रमाणे वागण्याचे बंधन आमच्यावर कसे येईल? ज्या ग्रंथाकडे नुसते पाहिले तरी आम्हांस पाप लागते, त्या ग्रंथाची आज्ञा पाळणे हा मूर्खपणाच नव्हे काय? मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे, ब्राह्मणांना वेद आहेत. आम्हांजवळ ग्रंथ नाही, म्हणजे आम्हांस धर्मच नाही. इथे पोहोचल्यावर ती लाचार होत नाही. खरा धर्म कोणता ते आम्हांस कळू दे, असे मागणे ती देवापाशी मागते, आणि ज्या धर्मात एकालाच सारे अधिकार व बाकीच्यांना वंचना, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, असे स्पष्ट म्हणते. वाटेत लाडवांवर ताव मारणाऱ्यांची थट्टाही करून घेते. तिच्या या निबंधानंतर एकशे एक वर्षांनी नागपूरला दीक्षाभूमीवर जे घडले त्याचे भाकीत तिने केले होते, असे म्हणण्याचा मोह आपल्यातल्या अनेकांना होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने असा मोह आवरावा. तिने भाकीत केले नव्हते. तिने प्रश्न मांडला होता, आणि तो शतकभर अनुत्तरित राहिला.

पुढे पेशवाईच्या आठवणी येतात. तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या महार-मांगांची मुंडकी उडवून गुलटेकडीच्या मैदानावर तरवारीच्या दांडूने चेंडूफळी खेळली जात असे. वाड्यांच्या पायांत माणसांना तेल व शेंदूर पाजून पुरले जात असे. हे वाचून काही जण लगेच दप्तरातला पुरावा मागतात. पेशवाई १८१८ साली संपली. मुक्ताचा जन्म त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर झाला. तिने लिहिले ते तिच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलेले आहे. दुसरा बाजीराव काशीला जाऊन मेला असे ती लिहिते. प्रत्यक्षात त्याचा मृत्यू १८५१ साली कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास झाला. अशी चूक सापडल्याने साक्ष खोटी ठरत नाही. ज्यांना लिहिण्याची बंदी होती त्यांचा इतिहास दप्तरात कसा सापडणार? तो सापडतो आठवणीत, आणि ही आठवण कागदावर उतरली तेव्हा सदतीस वर्षेच लोटली होती. एवढ्या काळात भीती विसरली जात नाही.

इंग्रजी राज्याविषयी ती कृतज्ञतेने लिहिते. याचे कोणाला अवघडल्यासारखे होण्याचे कारण नाही. ज्याच्या डोक्यावरची तरवार गेली तो प्रथम ती गेली हेच पाहतो.

नववीच्या वर्गात हा निबंध वाचायला घेतला की मुले तालीमखान्याच्या मजकुरापाशी थबकतात. मुली मात्र पुढच्या काही ओळींपाशी. तिथे मुक्ता पंडितांना सरळ संबोधून त्यांचे पोकळ पांडित्य बाजूस ठेवायला सांगते आणि बाळंतपणाविषयी बोलू लागते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते. पावसात नि थंडीत त्यांचे काय हाल होत असतील याचा स्वतःच्या अनुभवावरून विचार करा. बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसे कोठून आणावेत? तुमच्यात फुकट औषध देणारा एखादा तरी माणुसकीचा वैद्य होता काय?

स्त्रीवाद हा शब्द तेव्हा मराठीत नव्हता, म्हणून तिला स्त्रीवादी म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. मला तो वाद किरकोळ वाटतो. महत्त्वाचे हे की त्या काळी सुधारकांच्या चर्चेत स्त्रीचा प्रश्न म्हणजे प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवेचा प्रश्न होता: केशवपन, पुनर्विवाह. मुक्ताने वेगळीच स्त्री पुढे आणली. तिचे दुःख पडद्याआडचे नाही. तिला आडोसाच नाही. जात, दारिद्र्य आणि बाईपण ही तिन्ही एका ओल्या जमिनीवर एकाच देहाला भोगावी लागतात, हे सांगण्यासाठी तिला कोणत्याही सिद्धांताची गरज पडली नाही. धर्मग्रंथाचा अधिकार, राज्यसत्तेचा जुलूम आणि बाळंतिणीची खाट हे तिच्या लेखी एकाच प्रश्नाचे भाग आहेत.

याच धाग्यावर दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा निबंध आठवतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी प्रबंध वाचला. जात टिकते ती जातीबाहेर विवाह न होऊ दिल्याने, आणि हे कुंपण राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढी स्त्रीच्या अंगावर लादल्या गेल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुक्ताचा निबंध त्यांनी वाचला होता असा माझा दावा नाही. एकीने स्त्रीचे दुःख पाहून जातीकडे बोट दाखवले, दुसऱ्याने जातीची घडण उकलताना स्त्रीपर्यंत येऊन पोहोचला. दोघेही तेव्हा विद्यार्थी होते.

आता ज्या परिच्छेदासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. बाजीरावाच्या मृत्यूचा उल्लेख केल्यावर मुक्ता लिहिते की तो तर गेला, पण त्याच्या सहवासाने इथल्या महारांना त्याचे काही गुण लागले आहेत. तेही अस्पृश्यच, तरी ते मांगांपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतात आणि मांगांच्या सावलीचाही विटाळ मानतात. निबंधाच्या शीर्षकात तिने दोन्ही समाजांचे दुःख एकत्र बांधले आहे. पेशवाईचे वर्णन करताना दोघांचा उल्लेख ती सतत जोडीने करते. आणि तरीही ही गोष्ट तिने लपवली नाही.

आपल्या कार्यक्रमांत हा निबंध वाचला जातो तेव्हा बहुधा नेमका हाच भाग गळतो. तालीमखाना वाचतात, वेदांवरचा तर्क वाचतात, शेवटचे विद्येचे आवाहन वाचतात. मधली ही वाक्ये ओलांडून पुढे जातात. वाचणारे आपण बहुतेक पूर्वाश्रमीचे महार, म्हणजे आज बौद्ध. शत्रूविषयीची वाक्ये मोठ्याने वाचायला अडचण नसते.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली बघायला कोणीतरी दिलेले असते, म्हणून सगळे मिळून जिना मोडायला उठत नाहीत, असे त्या विवेचनाचे मर्म आहे. मुक्ताने तो जिना खालच्या पायरीवरून पाहिला होता. खालून तो अधिक स्पष्ट दिसतो. ब्राह्मणी वृत्ती ही ब्राह्मणांच्या घरीच राहते असे नव्हे, ती सहवासाने लागते, हे तिचे निरीक्षण चौदा वर्षांच्या मुलीचे आहे यावर विश्वास बसत नाही. आणि तिच्याच वस्तीतली मुलगी असल्याशिवाय ते सुचणारही नाही.

हा प्रश्न आज जुना झालेला नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल असा निर्णय दिला. तेव्हापासून महाराष्ट्रातही या विषयावर आपल्या वस्त्यांतून तापलेली चर्चा चालू आहे. उपवर्गीकरणाने समाज फुटेल आणि आरक्षणाचा पायाच कमकुवत होईल ही भीती निराधार नाही. मला स्वतःलाही ती वाटते. रिक्त जागा भरल्याच जात नसताना वाटणीची चर्चा पुढे करण्यामागचे राजकारणही समजून घेतले पाहिजे. पण मातंग बांधव जेव्हा म्हणतात की आम्ही मागे राहिलो, तेव्हा 'तुम्हाला कोणी शिकू नका म्हटले होते का?' हे आपल्याकडून दिले जाणारे उत्तर मला बेचैन करते. हा प्रश्न दुसऱ्या कोणी दुसऱ्या कोणाला पूर्वी विचारलेला आपण ऐकला आहे. रोटीव्यवहार झाला, बेटीव्यवहाराचे काय? विवाहमेळाव्याच्या पुस्तिका चाळल्या तर आपले स्थळ अजून कोणत्या रकान्यात शोधले जाते ते कळेल. १९१६ च्या त्या प्रबंधाच्या कसोटीवर जात तिथेच मोजली जाते, आणि तिथे निर्णयाचा भार मुलींवरच येऊन पडतो.

निबंधाच्या शेवटी मुक्ता आपल्या लोकांना सांगते की तुम्ही दुबळे आणि रोगी आहात, आणि विद्या हेच तुमच्यावरचे औषध आहे. मग ती थांबून म्हणते की हेही मला सिद्ध करून दाखवता येत नाही, कारण उत्तम शिकलेली माणसेही कधी कधी नवल वाटावे अशी वाईट कामे करतात. शाळेची स्तुती करण्यासाठी उभी राहिलेली मुलगी शाळेच्या मर्यादेची नोंद करून खाली बसते. फुले दांपत्याने ते वाक्य खोडायला लावले नाही, ही त्या शिक्षकांची थोरवी. तिचे दुसरे कोणतेही लिखाण आज उपलब्ध नाही.

वसतिगृहाच्या अभ्यासिकेत हा निबंध संपूर्ण छापून लावावा आणि येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीदिनी, एखाद्या विद्यार्थिनीने तो काहीही न गाळता वाचावा, अशी माझी संस्थेला आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. शहरातील मातंग समाजातील पालकांना त्या दिवशी पहिल्या रांगेत बसण्याचे निमंत्रण असावे. मोठ्याने वाचायला पाव तासही लागत नाही.