बसचा थांबा आणि मतदाराचे नाव

श्रोतेहो, मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा हमरस्ता आणि हजिऱ्याहून बारडोली, नवापूर, धुळे या मार्गाने नागपूरकडे जाणारा हमरस्ता, हे दोन्ही सुरत जिल्ह्यातील पलसाणा या तालुक्याच्या गावी एकमेकांना भेटतात. उधना ते जळगाव हा लोहमार्गही याच तालुक्यातील चलथाण स्थानकावरून जातो. खानदेशातून पोटापाण्यासाठी निघालेला माणूस या वाटांनी इकडे येत आला, यात नवल नाही. कोणी कोयता घेऊन चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याच्या उसावर येतो, तर कोणी कडोदरा, जोळवा, तांतीथैया या भागांतील रंगाई-छपाईच्या गिरण्यांत कामाला लागतो. ऊसतोडीवाला हंगाम संपला की परत जातो. गिरणीवाला मात्र ‘दोन वर्षे काढू’ म्हणून येतो आणि वीस वर्षे राहतो.

अशा एखाद्या चाळीत सायंकाळी काय घडते ते पाहा. वॉर्डातून निवडून आलेल्या सदस्याचा निरोप मोबाइलवर येतो. तो गुजरातीत असतो. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसली, तरी बाळबोध वाचणाऱ्याला त्यांपैकी बरीचशी ओळखता येतात. तरीही आबा चष्मा पुशीत शाळकरी नातवाला म्हणतात, “वाच रे, काय लिहिले आहे?” नातू वाचतो. बसच्या फेऱ्या वाढविण्याबाबत रजूआत केली आहे, पाण्याच्या नव्या वाहिनीला मंजुरी मिळाली आहे, अमुक दिवशी रोजगार मेळावा आहे. आबा मान डोलावतात. पण यातून आपल्याला नेमके काय मिळाले, हे ना आबांना सांगता येते, ना नातवाला. हा निरोप वाचावा कसा, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम बसचे घेऊ. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. ही दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपविता येतील असे अठरा विषय दिलेले आहेत. त्यांतील सतरावा विषय सार्वजनिक सोयींचा आहे, आणि त्यात रस्त्यावरील दिवे, वाहनतळ व बसथांबे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लक्षात घ्या, बसथांबा आहे, बस नाही. गावोगाव धावणारी एस.टी. राज्याच्या महामंडळाची असते. गुजरातचे हे महामंडळ १ मे १९६० रोजी, त्या राज्याबरोबरच जन्मले. सुरतेची शहर बससेवा ही सुरत महानगरपालिकेची व्यवस्था आहे. कडोदऱ्याला स्वतःची नगरपालिका आहे. पण तिचा सदस्य आपल्या सहीने एकही बस सुरू करू शकत नाही.

म्हणून तो निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. थांब्यावर छप्पर नसणे, दिवा बंद असणे, थांब्यापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचणे, या गोष्टी नगरपालिकेच्या कक्षेत येतात, आणि त्यांची दाद तिच्याच सदस्याकडे मागता येते. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला बस मिळाली, पण उतरल्यावर पुढची अर्धी वाट अंधारातच चालावी लागली, तर त्या बसचा तिला पुरता उपयोग झाला असे कसे म्हणावे? शिवाय, बस मागण्याच्याही रीती असतात. ‘बस हवी’ असा मोघम अर्ज दप्तरात पडून राहतो. पाळ्या कोणत्या वेळी सुटतात, त्या वेळी थांब्यावर किती माणसे उभी असतात, रिक्षाला किती पैसे पडतात, हे महिनाभर टिपून ठेवले आणि त्यासह नगरपालिकेचा ठराव आगाराकडे गेला, तर त्याला उत्तर द्यावे लागते. ही टिपणे सदस्य एकटा करू शकत नाही. ती चाळीतल्या लोकांनीच करावयाची असतात.

आता निरोपातील क्रियापदांकडे वळू. ‘रजूआत केली’ म्हणजे म्हणणे मांडले, मागणी केली. ‘मंजुरी मिळाली’ म्हणजे कागदावर होकार आला. ‘निविदा निघाली’ म्हणजे कंत्राटदाराचा शोध सुरू झाला. त्यानंतर ‘काम सुरू झाले’ आणि शेवटी ‘काम पुरे झाले’. या पाच पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर काम वर्षवर्ष अडकू शकते. सदस्य बहुधा खोटे बोलत नाही. तो पहिल्या पायरीची बातमी शेवटच्या पायरीच्या उत्साहाने सांगतो, इतकेच. ऐकणाराने प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत: काम कोणत्या पायरीवर आहे, पुढची सही कोणाची, आणि ती कधीपर्यंत अपेक्षित आहे? या प्रश्नांनी प्रामाणिक सदस्याचा अपमान होत नाही. उलट, पुढच्या कचेरीत भांडण्यासाठी त्याच्या हाती बळ येते.

दुसरा विषय नित्याच्या सेवांचा. येथे खानदेशातून आलेल्या माणसाची गाठ अनोळखी नावांशी पडते. १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. पुढे महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी आणि गुजरातेत १ एप्रिल १९६३ रोजी त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले. घरे एकाच घडणीची, पण दारांवरच्या पाट्या निराळ्या. आपल्याकडील पंचायत समितीला तिकडे तालुका पंचायत म्हणतात, जिल्हा परिषदेला जिल्हा पंचायत, आणि गटविकास अधिकाऱ्याला तालुका विकास अधिकारी. तहसीलदाराचे काम तेथे मामलतदार पाहतो. आपल्या जुन्या पिढीला मामलेदार हा शब्द परका नाही. खरी फसगत तलाठ्याच्या बाबतीत होते. आपला तलाठी महसूल खात्याचा. गुजरातेत ‘तलाटी-कम-मंत्री’ हा ग्रामपंचायतीचा चिटणीस असतो. म्हणजे जे काम आपण गावी ग्रामसेवकाकडे नेत होतो, ते तेथे तलाट्याकडे न्यावयाचे. एवढे ठाऊक नसल्याने एका दाखल्यासाठी माणसाचे दोन दिवसांचे खाडे पडतात.

रेशनच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. ‘एक राष्ट्र, एक रेशनकार्ड’ ही योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्ड असेल, तर नाव गावच्या यादीत ठेवूनही आधारच्या ओळखीवर परराज्यातील दुकानातून धान्य उचलता येते. धान्याने राज्याची सीमा ओलांडली आहे. मताला मात्र ती अशी ओलांडता येत नाही, हे पुढे दिसेल.

तिसरा विषय नोकरीचा. याबाबत स्पष्ट बोलणेच हिताचे. गिरणीतली जागा नगरपालिकेच्या हाती नसते; तेथे मालक, कंत्राटदार आणि मुकादम यांचा व्यवहार चालतो. सदस्य मेळाव्याची तारीख सांगू शकतो, रोजगार कार्यालयाचा पत्ता देऊ शकतो, शिकल्या मुलाला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट दाखवू शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीसाठी तो चाळीत शिबिर भरवू शकतो. पण ती असंघटित कामगाराची नोंद आहे, नोकरीची चिठ्ठी नव्हे. सरकारी कार्यालयात नाव नोंदविण्याचे पैसे पडत नाहीत. ‘साहेबांकडून काम लावून देतो, थोडा खर्च येईल,’ असे कोणी म्हणाला, तर तो कोणाचाही माणूस असो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

येथवर सदस्याच्या बाजूचा हिशेब झाला. आता आपल्या बाजूचा. आबा वीस वर्षे येथे राहिले, पण त्यांचे नाव मतदारयादीत कोठे आहे? बहुधा अमळनेर किंवा शिंदखेड्याकडील एखाद्या गावी. राज्यघटनेने ग्रामसभेची व्याख्या नेमकी केली आहे: गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत, त्या व्यक्तींची सभा. जो गावात राहतो पण यादीत नाही, तो ग्रामसभेचा घटक नव्हे. नगरपालिकेच्या वॉर्डातही तोच न्याय. सदस्यापुढे जेव्हा दोन गल्ल्यांचे अर्ज येतात आणि पैसा एकीपुरताच असतो, तेव्हा ज्या गल्लीत मते नाहीत तिचा दिवा मागे राहतो. हे न्याय्य नाही, पण असे घडते.

१९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो की, माणसाचे नाव एकाच मतदारसंघात, आणि तेही एकदाच असावे. आणि ते तो सामान्यतः जेथे राहतो तेथे असावे. केवळ गावी घर आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. उलट, तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणाचा गावचा रहिवास सुटतही नाही. तेव्हा ऊसतोडीला आलेल्या कोयत्याचे मत गावीच राहणे योग्य आहे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बारडोलीच्या मुलखातील खानदेशी ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला होता. त्या हंगामी मजुरांची स्थिती आणि गिरणीत स्थिरावलेल्या कुटुंबाची स्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याची मुले येथल्या शाळेत जातात, ज्याचे पाणी येथल्या नळाचे, त्याने स्थलांतराचा नमुना आठ भरून नाव येथे आणण्याचा विचार अवश्य करावा.

मनात भीती असते, ती समजण्यासारखी आहे. नाव हलविले तर शेत जाईल काय? जात नाही; सातबाऱ्याचा आणि मतदारयादीचा काही संबंध नाही. रेशनकार्ड बुडेल काय? केवळ तेवढ्याने बुडत नाही. पण एक गोष्ट खरोखर जाते, आणि ती लपवू नये. गावच्या निवडणुकीत भाऊबंदांच्या बाजूने उभे राहण्याचा, सणासारखा तो दिवस साजरा करण्याचा हक्क जातो. ज्याला परत जावयाचे आहे, त्याने तो राखावा. ज्याला जावयाचे नाही, त्याने मनाशी एकदा ठरवावे.

कारण, श्रोतेहो, सदस्याचा निरोप आबांच्या मोबाइलवर येतो, म्हणून तो आबांना उद्देशून असतोच असे नाही. हिशेब ज्याच्या मताला किंमत त्यालाच दिला जातो. उद्या सायंकाळी नातू पुन्हा निरोप वाचील. तेव्हा आबांनी केवळ मान न डोलावता विचारावे, “थांब्यावरचा दिवा कोणत्या पायरीवर आहे?” आणि हा प्रश्न विचारताना त्यांचे नाव यादीत असावे, म्हणजे उत्तर टाळणे कोणाला सोपे जाणार नाही.