गच्चीवरचे विमान आणि ब्रेकचे तेल

अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान तयार केले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. अशा घरगुती विमानात ब्रेकच्या तेलाची छोटी टाकी बहुधा इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या अग्निरोधक भिंतीवर बसवतात. ती पायाजवळच्या मास्टर सिलिंडरपेक्षा उंच हवी, म्हणजे तेल आपोआप खाली उतरते. इंजिनची धग लागते, म्हणून टाकी धातूची बरी. झाकणाला हवेचे छिद्र हवेच.

लहान विमानांत सहसा लाल खनिज तेल असते. त्यात मोटारीचे तेल घातले, तर रबरी सील फुगतात आणि उतरताना ब्रेक दगा देऊ शकतो. मोटारीचे तेल हवेतली ओलही शोषते. त्यामुळे दमट हवेत दुचाकी चालवणाऱ्यांनीही ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.