गणित सोडू नका!
खानदेशातील मुलामुलींसाठी संगणकी आरोग्यसेवा आणि क्वांटमच्या वाटा

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत दोन दिवस पेढे वाटले जातात. तिसऱ्या दिवशी घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो, पुढे काय? भुसावळची रेल्वे वसाहत असो, जळगावची डाळ मिलजवळची वस्ती असो की धुळ्याचा मिल परिसर, वडिलांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. "लवकर हाताला काम मिळेल असे काहीतरी घे." त्यांचे चुकते असे कोण म्हणेल? चूल कशावर पेटते हे त्यांनाच ठाऊक. परंतु या घाईत एक गोष्ट हातून निसटते. ती म्हणजे गणित. "आपल्याला कुठे जमणार?" असे म्हणून मुलगा, आणि त्याहून अधिक वेळा मुलगी, गणिताला रामराम ठोकते. त्याच क्षणी उद्याच्या दोन मोठ्या क्षेत्रांची दारे बंद होऊ लागतात.

ती दोन क्षेत्रे म्हणजे संगणकाच्या साह्याने चालणारी आरोग्यसेवा आणि क्वांटम तंत्रज्ञान. नावे ऐकून घाबरू नका. त्यांत पुढे गेलेली माणसे कोठून निघाली ते पाहू.

मुर्तिजापूरपासून सुरुवात

भुसावळहून नागपूरकडे जाणारी गाडी अकोला सोडून मुर्तिजापूरला थांबते. त्याच तालुक्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. नागपूरला अभियांत्रिकीची पदवी, बडोद्याला पुढचे शिक्षण आणि १९७२ मध्ये दिल्ली आयआयटीची डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला अतिवेगवान महासंगणक देण्यास नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली आणि तिची धुरा भटकरांवर आली. तीन वर्षांत, १९९१ साली, 'परम ८०००' हा देशी महासंगणक तयार झाला.

याचा आपल्या खेड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. याच सी-डॅकच्या मोहाली केंद्राने 'ई-संजीवनी' ही दूरवैद्यकीय सेवा घडवली. ती नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. तापीकाठच्या किंवा साक्रीच्या डोंगरपट्ट्यातील बाई उपकेंद्रात जाते. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी तिचा रक्तदाब मोजतो, माहिती भरतो आणि पडद्यावर दूरच्या डॉक्टरांशी तिची गाठ घालून देतो. जिल्ह्याच्या दवाखान्याची खेप वाचते, त्या दिवसाची मजुरी वाचते.

या पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे लागतात. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी लागतो. नर्सिंगचे किंवा आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेल्यांना त्या पदाची वाट आहे. पलीकडे संगणक प्रणाली लिहिणारे, यंत्रे दुरुस्त करणारे आणि रुग्णांची माहिती सुरक्षित ठेवणारे लागतात. २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक सुरू झाला. आपल्या आजाराची नोंद त्याला जोडली जाते. ही नोंद कोणाच्या हाती असावी, कोणी पाहावी, हे ठरविणाऱ्या टेबलावर आपलीही मुले हवीत. कष्टकरी माणसाचा आजार ही दुसऱ्या कोणाची मिळकत होता कामा नये.

क्वांटम म्हणजे काय?

रेल्वेत काम करणाऱ्यांना सांधा ठाऊक आहे. गाडी एक तर नागपूरच्या मार्गाला जाईल, नाही तर इटारसीच्या. आपल्या नेहमीच्या संगणकाचे असेच असते, शून्य किंवा एक. अणूच्या जगात मात्र वेगळा नियम चालतो. तेथे मोजमाप होईपर्यंत दोन्ही शक्यता एकत्र नांदतात. त्या नियमावर चालणाऱ्या घटकाला 'क्युबिट' म्हणतात. औषधातील रेणू कसे वागतील यासारखी काही किचकट गणिते अशा संगणकाला लवकर सुटतील, अशी आशा आहे.

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. ते २०३०-३१ पर्यंत चालणार आहे. त्याच्या चार मुख्य केंद्रांपैकी एक मुंबईच्या आयआयटीत आहे. तेथे प्रा. कस्तुरी साहा या हिऱ्यातील सूक्ष्म दोषांचा उपयोग करून अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे काम करतात. मज्जापेशींच्या अभ्यासाला ते उपयोगी पडू शकते. म्हणजे क्वांटम आणि आरोग्य ही दोन क्षेत्रे येथे हातात हात घालतात, आणि त्या कामाचे नेतृत्व एक स्त्री करते. आपल्या मुलींना हे जरूर सांगा.

ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या यंत्राची चाचणी पूर्ण झाली. त्याची चिप कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनली. ते चालविणारी इलेक्ट्रॉनिक जुळणी पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेने केली. असे यंत्र चालवायला अतिशीत यंत्रणा, सूक्ष्म तारा आणि सर्किट लागतात. तेथे केवळ डॉक्टरेटवाले पुरत नाहीत, कुशल हातांचा इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारकही लागतो.

किराणा दुकानातून ताऱ्यांपर्यंत

"हे सगळे मोठ्यांच्या मुलांचे," असे मनात आले तर मेघनाद साहांची आठवण ठेवा. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात, खालच्या गणल्या गेलेल्या जातीच्या गरीब कुटुंबात ते जन्मले. वडिलांचे लहानसे किराणा दुकान होते. मुलाने दुकानात बसावे अशी त्यांची इच्छा. पुढच्या शाळेसाठी मेघनाद एका डॉक्टरांच्या घरी राहिले आणि मोबदल्यात त्यांच्या गाईची देखभाल केली. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांना आपल्या पंगतीत बसू दिले नाही. त्याच साहांनी १९२० मध्ये अणूच्या नव्या क्वांटम विचाराचा आधार घेऊन ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावणारे समीकरण मांडले. जगभरचे शास्त्रज्ञ आजही ते 'साहा समीकरण' म्हणून वापरतात. १९५२ साली ते लोकसभेवरही निवडून गेले. पंगतीतून उठविणाऱ्यांची नावे आज कोणाला माहीत नाहीत.

पालकांनी काय करावे?

पहिले, अकरावी विज्ञानला गणित ठेवा. केवळ जीवशास्त्र घेतले तर अभियांत्रिकीची वाट अवघड होते.

दुसरे, दोन वर्षे थांबणे परवडत नसेल तर दहावीनंतर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे. त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्याला मूळ विज्ञानाची ओढ आहे त्याने पुण्याच्या 'आयसर'ची प्रवेश परीक्षा द्यावी. जळगावच्या विद्यापीठातही भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

तिसरे, कागदपत्रे वेळेवर काढा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेचा अर्ज निकालानंतर नव्हे, शिक्षण चालू असतानाच करा. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ करून हातची जागा गमावलेली मुले प्रत्येक वस्तीत सापडतील.

चौथे, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर भरा आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करा. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करा.

शेवटचे आणि सर्वांत स्वस्त काम वस्तीतच होऊ शकते. बुद्धविहारात संध्याकाळी दोन तास दिवा जळू द्या. वस्तीतला जो कोणी अभियांत्रिकीला किंवा विज्ञान शाखेला शिकतो आहे, त्याने आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवावे. पहिल्या चाचणीत दहा गुण मिळाले म्हणून मुलीला रागावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा वहीसमोर बसवा, आणि शक्य झाले तर तुम्हीही तिच्याजवळ बसा.