मीटरचं तोंड कुणाकडे?

डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, राळेगाव, पांढरकवड्याच्या जिनिंगबाहेर भल्या पहाटेपासून कापसाच्या गाड्या लागतात. नंबर आला की खरेदीदाराचा माणूस गाडीत कोपरापर्यंत हात खुपसतो, आतला मूठभर कापूस ओढतो, चिमटीत धागा ताणून बघतो आणि ओलावा मोजायच्या मीटरचं टोक कापसात दाबतो. आकडा त्याला दिसतो. गाडीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दिसते ती मीटरची पाठ.

‘अकरा,’ तो माणूस म्हणतो.

आता या अकराचा हिशेब करू. सरकारी खरेदीत, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाकडे (सीसीआय), ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात आणि १२च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. अकरा ओलावा म्हणजे तीन टक्के कपात, क्विंटलमागे २४३ रुपये. वीस क्विंटलच्या गाडीला पावणेपाच हजारांहून जास्त फटका बसतो. तरी गाडीवाल्यांशी बोलत बसलं की राग पैशांपेक्षा मीटरच्या पाठीवर जास्त निघतो. ‘भाव कमी भेटला त चालते, पन मोजमाप डोयासमोर झालं पायजे,’ हे वाक्य इथं थोड्याफार फरकानं सगळ्यांच्या तोंडी असतं.

हे नुसतं गाऱ्हाणं नाही, माणसाचा स्वभावच आहे. १९८२ मध्ये जर्मनीत वर्नर ग्यूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा खेळ मांडला. समजा, दोन अनोळखी माणसांत शंभर रुपये ठेवले. पहिल्यानं वाटणी सुचवायची. दुसऱ्यानं ती मानली तर तसे पैसे मिळतील. नाकारली तर दोघांनाही काही नाही. नुसत्या हिशेबानं पाहिलं तर दुसऱ्यानं एक रुपयासुद्धा घ्यायला हवा, कारण शून्यापेक्षा तो बराच. माणसं तशी वागत नाहीत. वाटा वीसच्या खाली गेला की बरेच जण तो ठोकरतात. स्वतःचं नुकसान सोसून समोरच्याला धडा शिकवतात. पुढं हा खेळ जगभर खेळून झाला. देशागणिक आकडे बदलले, पण हा हट्ट बहुतेक ठिकाणी दिसलाच.

मग यवतमाळातला शेतकरी गाडी परत का नेत नाही? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच खेळ ईशान्य भारतातल्या खेड्यांत खेळवला गेला. पणाला लावलेली रक्कम वीस रुपयांपासून वीस हजारांपर्यंत वाढवत नेली. रक्कम मोठी झाली तसे नकार कमी होत गेले आणि शेवटी जवळपास संपलेच. वाटणी न्याय्य झाली होती असं नाही; नकार परवडत नव्हता. गाडीभाडं चढत असतं, दुकानदाराची उधारी थकलेली असते, वर्षाचं पीक ताडपत्रीखाली असतं. अडला हरी मान डोलावतो आणि समोरच्याला वाटतं, सौदा पटला. मला विचाराल तर आपल्या बाजारांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

डोळ्यांआडच्या मोजमापाचं हे दुखणं विदर्भाला जुनं आहे. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, मग बाकीच्यांना कळणार कसा? मापात आणि कपातीत काय काय चालायचं ते वेगळंच. १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. बाजारांचं नियमन करणाऱ्या देशातल्या पहिल्या कायद्यांपैकी हा एक. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून वऱ्हाडातच होता. मापारी, अडते परवान्याखाली आले, मनमानी कपातीला चाप बसला. पण बाजार समितीवर कापूस पिकवणाऱ्याला जागाच नव्हती. १९२८च्या शेती रॉयल कमिशननं नेमकं यावर बोट ठेवलं.

जागा, म्हणजे बोलायची संधी, इतकी महत्त्वाची का असावी? १९९० मध्ये अमेरिकेत ॲलन लिंड आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना किती काम करायचं ते ठरवून दिलं. काहींना आधी मत मांडू दिलं, काहींना निर्णय झाल्यानंतर, काहींना मुळीच नाही. आधी बोलायला मिळालेल्यांना निर्णय सर्वाधिक न्याय्य वाटला, यात नवल नाही. गंमत पुढं आहे. ज्यांचं मत निर्णय झाल्यावर ऐकलं, म्हणजे ज्याचा काडीचा उपयोग नव्हता, त्यांनाही गप्प बसवलेल्यांपेक्षा तो बरा वाटला.

व्यापाऱ्याचीही बाजू आहेच. वर कोरडा आणि खाली ओला असा माल त्यानंही पाहिलेला असतो, म्हणून तर तो कोपरापर्यंत हात घालतो. पण त्याच्या संशयावर त्याच्याकडे यंत्र आहे. शेतकऱ्याच्या संशयावर काहीच नाही.

येत्या हंगामात गाडी लावाल तेव्हा मीटर आपल्याकडे वळवायला सांगा. दोन-तीन ठिकाणी टोचायला लावा, आकडे वहीत टिपा आणि काट्याची पावती घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.